रोग ओढणारा खडा

"चारशे एकोणीस!"

माइकवाल्याने आकडा असा ठणकावून सांगितला, जणू लिलावात शेवटची बोली लागली होती. बंद पडलेल्या सिनेमागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मोडक्या खुर्च्यांवर, मधल्या वाटेत, मागच्या दारात, जिकडे बघावं तिकडे माणसं आणि सगळ्यांच्या माना वर. जिथे पूर्वी नट-नट्या दिसायच्या त्या पडद्यावर साखर तपासायचं एक तळहाताएवढं यंत्र भिंतीएवढं होऊन दिसत होतं. त्यावर तो आकडा लुकलुकत होता.

मंचावरच्या खुर्चीत कोपऱ्यावरचा शिंपी बसला होता. बोटावरचा रक्ताचा थेंब अजून ओला होता आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"घाबरलास?" गुरुदेव हसले. "घाबरू नकोस बाळा. ही तुझी साखर नव्हेच. हे तुझं दुःख आहे. हाडांच्या तळाशी दडून बसलं होतं. खड्यानं ते ओढून बोटाच्या टोकाशी आणलं. आता पाण्यात सोडून दे, झालं."

खडा म्हणजे अंड्याएवढा काळा, गुळगुळीत दगड. मंचावर येणाऱ्या प्रत्येकाला तो उजव्या हातात धरून बोटांनी चांगला चोळायला लावत. मग टोचणी, मग थेंब, मग आकडा. त्यानंतर यायचं काचेचं मोठं भांडं. खाली निळा दिवा लावलेला, त्यामुळे पाणी निळं दिसे. शिंप्याने दोन्ही हात त्यात बुडवले. गुरुदेव डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. एका सेविकेने पांढऱ्याशुभ्र टॉवेलने शिंप्याचे हात कोरडे केले. पुन्हा टोचणी.

"एकशे चौसष्ट!"

लोकांनी सिनेमागृह डोक्यावर घेतलं. शिंपी खुर्चीतच रडायला लागला. मग त्याने खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि सगळ्यांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"सांगा मंडळी," माइकवाला ओरडला, "कुठली गोळी पाच मिनिटांत अडीचशे उतरवते?"

"कुठलीच नाही!"

गुरुदेवांनी हात वर केला. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. मी साधा माणूस. पण हे यंत्र माझं नाही, समोरच्या औषधांच्या दुकानात मिळतं. यंत्राला ना गुरू कळतो ना चेला. ते खोटं बोलेल का?"

पाचव्या रांगेतला एक माणूस पुढे सरकून बसला. कारण ते यंत्र त्याने बनवलं होतं.

गल्लीत त्याला सगळे जावई म्हणत. लग्नानंतर तो सासूबाईंच्याच घरी राहायला आला. त्या हाक मारत "जावई", तीच हाक दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी उचलली. बायको गेल्या वर्षी गेली. जिच्यामुळे नातं होतं तीच राहिली नाही, हाक मात्र राहिली. घरात आता दोघंच होती. दोघांनी एकच माणूस गमावलं होतं आणि त्याबद्दल दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हती.

यंत्राची सुरुवात याच घरातल्या जेवणाच्या टेबलावर झाली होती. सासूबाईंना साखरेचा जुना आजार. रक्त तपासायचं म्हणजे सकाळी उपाशीपोटी रांगेत उभं राहायचं, दंडाला सुई, आणि आकडा मिळणार संध्याकाळी. "संध्याकाळी मिळालेला सकाळचा आकडा म्हणजे कालचं वर्तमानपत्र," असं त्या म्हणायच्या. जावई तेव्हा एका छोट्या कारखान्यात मोजमापाची यंत्रं जुळवायचा. त्याने विचार केला, एवढंसं यंत्र, एवढासा थेंब, आणि आकडा लगेच. पहिला नमुना त्याने साबणाच्या डबीत बसवला. आकडा कुठलाच धड यायचा नाही, पण सासूबाई ती डबी शेजारणीला दाखवून आल्या होत्या.

डबीपासून दुकानातल्या खोक्यापर्यंत पोचायला उमेदीची वर्षं गेली. यंत्र टेबलावरून खाली पाडलं. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवलं. बर्फात ठेवलं. थरथरत्या हातांत दिलं, चष्मा विसरलेल्यांना दिलं. मग इस्पितळांत शेकडो माणसांचं रक्त प्रयोगशाळेत आणि यंत्रात असं दोन्हीकडे तपासलं, आकडे जुळवले, परवानगी देणाऱ्यांच्या शंकांना उत्तरं दिली. लोकांना वाटतं नवं यंत्र बनवायचं म्हणजे हुशारी लागते. हुशारी थोडी लागते. बाकी सगळा उद्योग असतो तो माणूस कुठे कुठे चुकेल हे त्याच्या आधी शोधून काढण्याचा.

हा उद्योग त्याच्या बायकोचा. ती परिचारिका होती. इस्पितळ सोडून ती कारखान्यात आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने कोपऱ्यात एक टेबल मांडलं. त्यावर हाताला लावायचं मलम, पीठ, शाई, सोललेलं संत्रं, काय वाटेल ते ठेवलेलं. जे जे चुकीचं करता येईल ते मुद्दाम करून बघायचं. सगळे त्याला चुकांचं टेबल म्हणायचे. "तू यंत्र तपास," ती नवऱ्याला म्हणायची, "मी माणूस तपासते."

आज ती असती तर, असं त्याच्या मनात आलं, आणि तो उठून उभा राहिला.

"बसा खाली," सासूबाईंनी त्याच्या सदऱ्याचं टोक ओढलं. "लोक बघतायत."

"बघू देत, आई."

"काका, रांगेतून या," माइकवाला म्हणाला.

"मी रांगेतला नाही. हे यंत्र आमच्या कारखान्यात बनतं. मला ते तपासायचंय."

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. गुरुदेवांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. मग ते दोन्ही हात पसरून पुढे आले. "या, या! बापाला लेकराला भेटायला परवानगी कसली?"

जावयाच्या बॅगेत नेहमी एक इवलीशी बाटली असे. तिच्यातल्या द्रावणात साखर नेमकी किती ते आधीच ठरलेलं. त्याचा थेंब यंत्रात खोचायच्या पट्टीवर ठेवला की यंत्राने तोच आकडा दाखवायचा. नाही दाखवला तर यंत्र बिघडलेलं. त्याने थेंब ठेवला. आकडा तंतोतंत आला. पट्ट्यांचा डबा उलटासुलटा करून पाहिला. डबा खरा, तारीखही उलटलेली नाही. यंत्राला कुठे चोरटी तार नाही, काही नाही. मग त्याने आपलं स्वतःचं यंत्र काढलं. पुढच्या बाईने खडा चोळला, बोट टोचलं, त्याच थेंबातलं रक्त दोन्ही यंत्रांना दिलं. गुरुदेवांचं यंत्र म्हणालं चारशे दोन, जावयाचं म्हणालं तीनशे अठ्ठ्याण्णव. पाण्यात हात बुडवल्यावर एकशे एक्कावन्न आणि एकशे चोपन्न.

"बोला," गुरुदेव गोड आवाजात म्हणाले, "काय म्हणतंय लेकरू?"

जावयाने दोन्ही यंत्रांवरचे आकडे पुन्हा पाहिले. खोटं बोलणं त्याला जमणारं नव्हतं. "यंत्र... बरोबर आहे."

"ऐकलंत?" गुरुदेवांनी त्याला मिठीच मारली. "बनवणाऱ्यानंच शिक्का मारला!"

टाळ्यांनी छत खाली यायचं बाकी राहिलं. जावई पायऱ्या उतरत होता तेव्हा अनोळखी माणसं त्याची पाठ थोपटत होती. असा सत्कार वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. आणि खाली येऊन बघतो तर सासूबाई जागेवर नाहीत. त्या काठी टेकत मंचाकडे निघाल्या होत्या.

त्यांनी खडा चोळला. चारशे एकतीस. खुर्चीतून उठल्या, काठीवर भार देत निळ्या पाण्यापाशी गेल्या, हात बुडवले. एकशे अठ्ठ्याऐंशी.

घरी आल्यावर त्यांनी काठी दाराच्या कोपऱ्यात ठेवली, फ्रिज उघडला, इन्सुलिनचं खोकं काढलं आणि जावयासमोर ठेवलं.

"हे न्या तुमच्या कारखान्यात. मला आता लागायचं नाही."

"आई, असं एकदम सोडता येत नाही. डॉक्टरांना तरी विचारू."

"डॉक्टरांनी माझ्या मुलीला वाचवलं?" त्यांचा आवाज चढला. "तुमच्या त्या मोठमोठ्या यंत्रांनी वाचवलं? नळ्या, पडदे, टूं टूं करणारे डबे. आत गेली ती स्वतःच्या पायांनी, आणि..."

वर्षभर न बोललेलं असं एका दमात बाहेर आलं. जावयाने खोकं उचलून परत फ्रिजमध्ये ठेवलं.

"आणि एक सांगते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "गुरुदेवांवर मी एवढ्यात विश्वास ठेवला नसता. तुम्ही वर गेलात, तपासलंत, म्हणालात यंत्र बरोबर आहे. मी तुमच्यावर विश्वास ठेवला, जावई."

घाव वर्मी बसला. त्याने डॉक्टरांना फोन लावला. "सुई बंद?" डॉक्टर ओरडलेच. "अहो, त्यांच्या शरीरात ते औषध आपोआप तयार होत नाही. आजचा दिवस कसाबसा निघेल. उद्याही घेतलं नाही, तर परवा मला त्यांना दाखल करून घ्यावं लागेल. आणि दाखल करायला त्या उरल्या पाहिजेत. समजावा त्यांना!"

समजावणार कसं? त्याने स्वतःच साक्ष दिली होती. संध्याकाळची सुई चुकली. बोट टोचून आकडा तरी बघू, म्हटलं तर त्या म्हणाल्या, "बरं झालेल्या माणसाला तपासतात का?"

सकाळी तो दूध घ्यायला दाराशी गेला आणि त्याला मुंग्या दिसल्या.

उंबऱ्याच्या फटीतून निघालेली रांग भिंतीच्या कडेकडेने जाऊन सासूबाईंच्या काठीवर चढत होती. काठीच्या मुठीवर तर मुंग्यांचा नुसता गोंडा झाला होता. त्याने सवयीने ओलं फडकं आणलं, पुसायला हात पुढे केला आणि तो हात तसाच थांबला.

या घरात मुंग्या? चहासुद्धा बिनसाखरेचा होणाऱ्या घरात मुंग्यांना काय ठेवलंय?

त्याने मुंग्या झटकल्या आणि मुठीवर बोट घासलं. बोट किंचित चिकटलं. जिभेला लावून पाहिलं. गोड.

त्याला कारखान्यातला एक जुना दिवस आठवला. यंत्राच्या चाचण्या चालू होत्या. खोकी भरणाऱ्या एका धडधाकट माणसाची साखर यंत्राने तीनशे साठ दाखवली. एकच धावपळ. जावयाने यंत्र उघडलं, पट्ट्या बदलल्या, द्रावण तपासलं, सगळं बरोबर. त्याची बायको आली आणि तिने यंत्राकडे बघितलंसुद्धा नाही. तिने त्या माणसाला विचारलं, "मघाशी काय खाल्लंस?" "संत्रं." "सोलून?" "मग काय, सालीसकट?" तिने त्याला नळावर नेलं, साबणाने हात धुवायला लावले, पुन्हा टोचलं. आकडा एकदम साधा, निरोगी माणसाचा. थेंब एवढासा, त्यात बोटावरची चिमूटभर साखर मिसळली तरी यंत्र बिचारं तीसुद्धा मोजणार. मग वापराच्या सूचनांत सगळ्यात पहिलं चित्र नळाचं हवं म्हणून ती मालकांशी भांडली. मालक म्हणाले कागदावर जागा नाही. "मग यंत्राचं चित्र काढून टाका," ती म्हणाली, "नळाचं ठेवा."

काल जावयाने यंत्र तपासलं होतं. माणूस तपासायचा राहिला होता. ती असती तर तिने यंत्राकडे पाहिलंही नसतं.

त्याने गोड झालेलं बोट टोचलं. तीनशे शहाऐंशी. साबणाने हात धुतले, पुसले, पुन्हा टोचलं. अठ्ठ्याण्णव. तो हसला, आणि हसता हसता खुर्चीत बसून त्याने डोळे पुसले. जी चूक कुणाच्या हातून होऊ नये म्हणून त्याची बायको भांडली, नेमकी तीच चूक एका भामट्याने उचलून तिचा धंदा मांडला होता. खडा रोग ओढत नव्हता. खड्याला ग्लुकोजची पावडर कालवून लावली होती, आणि निळं पाणी ती फक्त धुऊन काढत होतं. काल सासूबाई खडा चोळलेल्या हातानेच काठी धरून त्या पाण्यापाशी गेल्या होत्या.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. काठीही पाहिली.

"काठीला काहीही लागलं असेल," त्या म्हणाल्या.

"आपल्या घरात गोड आहे का काही? तुमच्या धाकानं उंदीरसुद्धा उपाशी मेले."

एरवी त्या हसल्या असत्या. आज हसल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"आई," जावई म्हणाला, "काल तुम्ही विचारलंत, तुमच्या यंत्रांनी तिला वाचवलं का. नाही वाचवलं. पण त्यातल्या एकानंही आपल्याला खोटं सांगितलं नाही. ती जाणार हे तिनं स्वतः त्या पडद्यावर वाचलं होतं आणि मला समजावून सांगितलं होतं. तिला खोट्या आकड्याची चीड होती. तिच्याच यंत्राच्या तोंडून तो माणूस खोटं वदवतोय."

सासूबाईंनी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "चार भिंतींत कुणीही शूर असतो. तिथं दाखवा, सगळ्यांसमोर."

"दाखवतो. पण आधी सुई घ्या."

"नाही. आणि एक लक्षात ठेवा. मी तुमच्या बाजूनं नाही, त्यांच्याही नाही. मी माझ्या बाजूनं."

सिनेमागृहात आदल्या दिवसापेक्षा दुप्पट गर्दी होती. यंत्र बनवणाऱ्याने शिक्कामोर्तब केल्याची बातमी वाऱ्यासारखी पसरली होती. जावई दिसताच गुरुदेवांनी वरूनच हाक मारली, "आले, आपले साक्षीदार आले! आणि मातोश्री पण! या माते, आज तुमच्यापासूनच शुभारंभ."

सासूबाई काठी टेकत वर गेल्या. जावई मंचाच्या कडेला उभा राहिला. त्यांनी मुकाट्याने खडा घेतला, उजव्या हाताने चोळला. माइकवाला टोचणी घेऊन पुढे आला.

"थांबा," जावई म्हणाला. "आज एकाच वेळी दोन्ही हात टोचा. खडा चोळलेला उजवा, आणि न चोळलेला डावा."

"डावा लागत नाही," माइकवाला घाईने म्हणाला.

"का रे?" सासूबाईंनी मान वर केली. "डावा काय शेजारणीचा आहे?"

पहिल्या रांगेत हशा पिकला. गुरुदेवही हसले, पण त्यांचे डोळे हसले नाहीत. "माते, डाव्या हातात लहरी वाहत नाहीत. शास्त्र अजून इथवर पोचायचंय."

"लहरी राहू द्या. रक्त वाहतं ना?"

"वाहतं, पण..."

"माझ्या अंगात रक्ताची टाकी एकच आहे, गुरुदेव. उजव्या नळाला एक पाणी आणि डाव्याला दुसरं, असं कसं होईल?" आणि सभेकडे वळून त्या म्हणाल्या, "चालेल ना हो, डाव्याचं बघितलं तर?"

"बघा की!" मागून आवाज आला. मग दुसरा, मग शंभर. गर्दीला काय, चमत्कार एकाच्या जागी दोन मिळत होते. गुरुदेवांनी सेविकेला खूण केली. ती टॉवेल घेऊन पुढे सरसावली. "आधी हात पाण्यात..." सासूबाईंनी काठी आडवी धरली. ती तिथेच थांबली.

जावयाने दोन यंत्रं टेबलावर ठेवली, गुरुदेवांचं आणि स्वतःचं. सासूबाईंचा उजवा हात टोचला आणि लगेच डावा. यंत्रं पडद्यावर दिसतील अशी धरली.

उजवा, चारशे अडतीस. डावा, दोनशे एक्क्याण्णव.

सभेत कुजबुज सुरू झाली. एकाच बाईचे, एकाच वेळचे दोन आकडे भिंतीएवढे मोठे होऊन शेजारी शेजारी लुकलुकत होते. माइकवाल्याने जावयाच्या यंत्राकडे बोट दाखवलं.

"यंत्रांची अदलाबदल करून बघायची?" जावयाने विचारलं. "बघूया." पुन्हा थेंब, पुन्हा तेच. यंत्र कुठलंही घ्या, उजवा हात चारशेच्या वर आणि डावा तीनशेच्या आत.

"म्हणजे खडा रोग ओढतो!" गुरुदेव ओरडले. "उजवीकडे ओढला! हेच तर मी सांगतोय!"

"बरं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी खडा उचलला आणि माइकवाल्यापुढे धरला. "दगडच आहे ना नुसता? मग चाट."

"काय?"

"चाट म्हटलं. जीभ लाव. चार लोकांसमोर."

माइकवाला एक पाऊल मागे सरला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "नको आजी, मला साखर चालत नाही."

माइक चालूच होता. ते वाक्य सिनेमागृहाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत गेलं. मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि हसण्याची लाट मागच्या दारापर्यंत गेली. माइकवाल्याचा चेहरा पडद्याहून पांढरा पडला. गुरुदेवांनी त्याच्याकडे असं पाहिलं की दगड असता तर त्याचंही पाणी झालं असतं.

पण सगळे हसत नव्हते. कोपऱ्यावरचा शिंपी उभा राहिला होता. "गोळ्या," तो म्हणाला. "मी गोळ्या टाकल्या तुमच्यासमोर. काल रात्रीपासून डोळ्यांना धूसर दिसतंय. मला वाटलं, रोग निघून चाललाय म्हणून असेल."

जावयाने माइक हातात घेतला. भाषण त्याला येत नव्हतं, पण आज त्याची जीभ अडखळली नाही.

"माझं यंत्र खोटं बोललं नाही," तो म्हणाला. "बोटावर साखर होती, त्यानं साखर मोजली. खड्याला साखर लावलेली आहे. हात चोळला की साखर बोटाला लागते, आकडा चढतो. पाण्यात हात धुतले की साखर जाते, आकडा उतरतो. रोग होता तिथंच राहतो. आता डाव्या हाताकडे बघा. ही खरी साखर आहे. माझ्या आईंची साखर घरी एकशे ऐंशीच्या आसपास असते. आज दोनशे एक्क्याण्णव आहे. उतरली नाही, चढली आहे. कारण त्यांनी काल या माणसाच्या आणि माझ्या भरवशावर सुई घेतली नाही."

सासूबाईंनी पडद्यावरच्या त्या दुसऱ्या आकड्याकडे पाहिलं. त्यांनी डावा हात उजव्या हातात घट्ट धरला.

"श्रद्धेचा अपमान!" गुरुदेव गरजले. "तुम्हाला याची फळं भोगावी लागतील!"

"फळं खाऊन झाली की हात धुवा म्हणजे झालं," सासूबाई म्हणाल्या.

त्यानंतर गुरुदेवांचं काही चाललं नाही. लोक मंचावर चढले. कुणी डावा हात पुढे केला, कुणी खडा हुंगला, कुणी आपापल्या गोळ्या कचऱ्यातून शोधायला डबा उपडा केला. जावयाने डॉक्टरांना बोलावून घेतलं होतं. ते रात्रीपर्यंत तिथेच बसून कुणी कधीपासून औषध बंद केलंय ते विचारत राहिले. शिंप्याला त्यांनी आधी घेतलं. सगळ्या गडबडीत निळा दिवा कुणीतरी बंद केला. पाणी साधंच होतं.

सगळेच पटून घरी गेले असं नाही. काही जण जाताना गुरुदेवांच्या पाया पडून गेले. एक बाई जावयाला म्हणाली, "तुम्हाला काय मिळालं यातून? माणसांना आशा तरी होती." जावई म्हणाला, "ताई, आशा मला पण हवी होती, गेल्या वर्षी. पण अशी नको, जिच्यासाठी औषध फेकून द्यावं लागतं." ती वळून निघाली. पण जाताना तिने आपली पर्स उघडून आत गोळ्या आहेत का ते चाचपून पाहिलं.

घरी आल्यावर सासूबाई थेट मोरीपाशी गेल्या. नळ सोडला, साबण घेतला, उजवा हात धुतला, मग डावा, नखांच्या कडासुद्धा. "आधी हात," त्या पुटपुटल्या. त्या आवाजात जावयाला दुसरा एक आवाज ऐकू आला आणि तो दारातच थबकला. त्यांनी बोट टोचलं, आकडा पाहिला, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सुई घेतली आणि खोकं परत फ्रिजमध्ये ठेवलं.

"तिनं मला हजारदा सांगितलं होतं," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आई, आधी हात धू. मला वाटायचं, नर्सबाई आहे, स्वच्छतेचं वेड आहे."

वर्षभरात पहिल्यांदा त्या रात्री दोघं तिच्याबद्दल बोलत बसली.

काही दिवसांनी औषधांच्या दुकानदाराने बातमी आणली. गुरुदेवांनी दुसऱ्या गावी मांडव घातलाय. दिवा आता हिरवा आहे. खड्याच्या जागी लाकडाचा गोळा आहे.

असे बाबा गाव बदलतात, दिवा बदलतात, पण युक्ती बदलायला त्यांना वेळ मिळत नाही. त्याची गरजही पडत नाही, कारण आपण विचारत नाही. म्हणून एवढंच सांगायचं आहे. तुमच्या डोळ्यांदेखत चमत्कार घडला तर टाळी वाजवायच्या आधी विचारा, जे दाखवलं नाही ते कुठे आहे? एक हात दाखवला, तर दुसरा कुठे आहे? आणि औषध बंद करायला कुणी सांगितलं तर त्याचं नाव, त्याचं शिक्षण आणि त्याचा खडा, तिन्ही तपासा. विचारण्याने खऱ्या गोष्टीचं काही बिघडत नाही. विचारल्यावर जे चिडतं, ते खोटं असतं.

बातमी ऐकून जावयाने बॅग उघडली आणि त्यात दोन यंत्रं, पट्ट्यांचा डबा आणि साबणाची नवी वडी ठेवली. मागे वळून पाहतो तर सासूबाई चपला घालून, धुतलेली काठी हातात घेऊन दारात उभ्या.

"तुम्ही कशाला, आई? उन्हाचं..."

"कशाला म्हणजे?" त्या म्हणाल्या. "मला काय, दोन हात आहेत. चला."